लेहमध्ये एक्केचाळीस मिनिटं

माझी नणंद गेल्या वर्षी आठ दिवस लडाखला जाऊन आली आणि आल्यावर तिने त्यावर वहीची चाळीस पानं भरली. पँगाँगचं पाणी तासातासाला कसा रंग बदलतं, नुब्रातला उंट कसा रुसून बसला, थुक्पा कुठे चांगला मिळतो, सगळं. मी वाचून परत दिली तेव्हा म्हणाली, "वहिनी, तू तर कितीदा जातेस लेहला. तू का नाही लिहीत?"

घरी येऊन लॉगबुक उघडलं आणि मोजलं. त्रेसष्ट वेळा. आणि लेहच्या जमिनीवर काढलेला सगळा वेळ जोडला तर पुरते दोन दिवसही भरत नाहीत. तेही सगळे विमानाच्या पंखाखाली.

मी ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे उजवीकडच्या खुर्चीतली वैमानिक. नणंदेच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एप्रिलमधल्या चार दिवसांच्या एका फेरीची ही हकिगत. आमच्या भाषेत अशा फेरीला 'पेअरिंग' म्हणतात. पाच गावं झाली. त्यातल्या एकाच गावात मी चालले.

दिवस पहिला : मुंबई – नागपूर – दिल्ली

गजर रात्री २:४० चा. त्यासाठी संध्याकाळी साडेसातला झोपायचं, आणि नेमकं तेव्हाच खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. आम्ही पार्ल्यात राहतो, त्यामुळे गाडी ३:२० ला आली तरी चालतं. विमानतळाशेजारी घर असण्याचा हा एवढाच फायदा.

निघताना आईने (ती आमच्याकडेच असते) अर्धवट झोपेत सांगितलं, "खोकल्यावर दोन चमचे द्राक्षासव घेऊन जा." तिला दहा वर्षं तेच सांगतेय की आसव-अरिष्टात मुरताना तयार झालेलं मद्य असतं आणि ड्यूटीवर चढण्याआधी आम्हाला नळीत फुंकावं लागतं. उड्डाणाआधी बारा तास दारूचा थेंब चालत नाही, आणि यंत्राला द्राक्षासव आणि दारू यांतला फरक कळत नाही. मी माउथवॉशसुद्धा वापरत नाही. आईचं म्हणणं, "औषधाला कोण दारू म्हणतं!"

लेक झोपलेली होती. तिने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक रिकामी पाण्याची बाटली खुपसून ठेवली होती आणि वर चिठ्ठी : 'यात लेहची हवा भरून आण. झाकण घट्ट लाव.' चौथीत हवेचा दाब शिकवतात.

ह्या फेरीचे कॅप्टन केरळचे, वय त्रेसष्ट. आपल्याकडे पासष्टाव्या वर्षी प्रवासी विमानाचं चालकपद सुटतं, त्यामुळे त्यांच्याकडे आता फार वेळ उरलेला नाही आणि ते त्याबद्दल अजिबात बोलत नाहीत. विमानात शिरताना दाराच्या बाजूला पत्र्यावर क्षणभर तळवा ठेवतात. मीही ठेवते. आपण उंबरठ्याला हात लावतो ना, तसा.

त्याआधी टॉर्च घेऊन विमानाला एक फेरी मारायची. टायर, ब्रेक, इंजिनाची पाती, वेग मोजणाऱ्या नळ्यांवर कुणी झाकण विसरलंय का. एप्रिलच्या पहाटेही मुंबईची हवा अंगाला चिकटते आणि तिला इंधनाचा वास असतो. लोकांना वाटतं, वैमानिकाचं काम वर सुरू होतं. माझ्या मते अर्धं काम ह्या फेरीत आणि त्यानंतरच्या कागदांत होतं : हवामान, वजन, इंधन. इंधन आम्ही किलोत मोजतो आणि 'भरपूर घ्या' असं कुणी म्हणत नाही. पोचायला लागेल तेवढं, वाटेत काही झालं तर थोडं, तिथे उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळावर जायला लागेल तेवढं, आणि त्याच्याही वर तीस मिनिटांचं, ज्याला हात लावायची वेळ येऊ नये.

पश्चिमेकडे उड्डाण झालं. चाकं आत जातात न जातात तोच खाली जुहूची छोटी धावपट्टी. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन तिथेच उतरले होते. एकट्याचं, एका इंजिनाचं 'पस मॉथ' विमान. ती धावपट्टी मोठ्या विमानतळाच्या इतकी जवळ आहे की १९७२ साली एका परदेशी कंपनीचं जेट चुकून तिच्यावरच उतरलं आणि पुढे घसरत गेलं. प्रशिक्षणात ही गोष्ट आम्हाला हसत हसत सांगतात. उतरताना मात्र कुणी हसत नाही.

वळून पूर्वेला तोंड केलं की सूर्य सरळ डोळ्यांत. काचेवर काळे पडदे ओढून, मान तिरकी करून महाराष्ट्र पाहावा लागतो. कळसूबाईची रांग, मग सपाटी, मग समृद्धी महामार्गाची पट्टीने आखल्यासारखी रेघ. उजवीकडे लोणार. जमिनीवरून ते किती मोठं वाटतं! पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा आहे तो. वरून कुणीतरी बशी विसरून गेल्यासारखं दिसतं. (मुंबईहून सकाळी नागपूरला जाणार असाल तर उजवीकडची खिडकी घ्या. डावीकडच्यांना लोणार दिसत नाही.)

नाश्त्याला उपमा आणि ऑम्लेट. कॅप्टन आणि मी एकच पदार्थ खात नाही, म्हणजे अन्न बाधलंच तर एकालाच बाधेल. ह्या रीतीमुळे त्यांनी उपमा निवडला आणि माझ्या वाट्याला थंड ऑम्लेट आलं. वरिष्ठांची निवड आधी.

नागपूरला माझी मावशी राहते, वर्धा रोडवर, विमानतळापासून पंधरा मिनिटांवर. महिन्यातून तीन-चारदा मी तिच्या गच्चीवरून जाते. तिच्या घरी जाऊन दीड वर्ष झालं. चाकं थांबली की तिला फोन करते आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला : "खाली आहेस की वर?"

"खाली."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"काय वं, वरच्या वरच जाऊन राहिली तू! पुडाची वडी केली होती."

ती फोन चालू ठेवून गच्चीत गेली. आमचं उड्डाण दुसऱ्याच बाजूला झालं. तिने कुठल्या विमानाला हात हलवला, देव जाणे.

दिल्लीत अकराच्या सुमारास हॉटेल. दुपारी झोपायचं कसब हा ह्या नोकरीतला न शिकवलेला विषय. माझे दोन उपाय कुणालाही उपयोगी पडतील. पडद्यांच्या मधल्या फटीला हॉटेलच्याच हँगरचे, पँटला लावायचे चिमटे लावायचे; अंधार पक्का होतो. आणि खोलीत शिरण्याआधी दारावरच्या नंबरचा फोटो काढायचा. आठवड्यात चार हॉटेलं झाली की परवाच्या खोलीचा नंबर आजच्या दारावर दाबत उभं राहावं लागतं. माझ्यावर ती वेळ एकदा आलीय. आतून एका गृहस्थांनी दार उघडलं होतं.

दिवस दुसरा : दिल्ली – लेह – दिल्ली

लेहची उड्डाणं सकाळची. दुपारी ऊन चढलं की सिंधूच्या खोऱ्यातून वारा वर चढू लागतो. लेहला डोंगरांमुळे उतरायची दिशा एकच आणि उडायची नेमकी उलट. तो दुपारचा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीला लागतो, आणि पाठीवर वारा घेऊन उतरायला मर्यादा असते. शिवाय तापमान. समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटरवर आधीच हवा विरळ. ती तापली की आणखी पातळ होते, पंखांना आणि इंजिनांना धरायला कमी उरते. जुलै २०२४ मध्ये लेहला असा उन्हाळा झाला की विमानं रद्द करावी लागली. थंड वाळवंटात उकाड्यामुळे!

लेहला विमान उतरवायचं काम कॅप्टनचंच. त्यासाठी वेगळी तयारी करून घेतात. माझं काम आकडे वाचायचं, रेडिओ सांभाळायचा आणि काही चुकतंय असं वाटलं तर मोठ्याने बोलायचं. हे शेवटचं ऐकायला सोपं वाटतं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला 'सर, वेग जास्त आहे' असं खडसावून सांगायला आपल्या संस्कारांत शिकवलेलं नसतं. ते शिकावं लागतं.

मनालीच्या पुढे खाली रस्ता, शेत, घर क्वचितच दिसतं. एरवी केबिनमधला दाब गेला तर आम्ही झपाट्याने दहा हजार फुटांवर येतो. इथे दहा हजार फुटांवर डोंगराचं पोट आहे. म्हणून कुठल्या टप्प्यावर काही बिघडलं तर कुठल्या खोऱ्यातून बाहेर पडायचं ते आधी ठरलेलं असतं, आणि कॅप्टन प्रत्येक टप्प्याला बोटाने नकाशावर दाखवून मोठ्याने म्हणतात. बाहेर सोन्यासारखं ऊन पडलेलं असतं. प्रवासी फोटो काढत असतात. आम्ही मात्र सुटकेच्या वाटा मोजत असतो.

एक गंमत लेहलाच होते. एरवी विमान उतरायला लागलं की केबिनमधला दाब वाढत जातो आणि कान बंद होतात. उंचावर उडताना केबिनमधली हवा साधारण सात-आठ हजार फुटांवर असते तशी ठेवलेली असते. पण लेहची धावपट्टीच १०,६०० फुटांच्या वर. म्हणजे विमान खाली येत असतं आणि केबिन मात्र वर चढत असते! चिवड्याचं पाकीट उतरता उतरता फुगतं. खिडकीशी बसलेल्या कितीजणांनी हे पाहिलं असेल?

स्पितुकचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, टेकडीवर दिसला, त्याच्या अंगाला लागून आलो आणि चाकं टेकली. जमिनीवरून धावताना वेग अंगावर येतो, कारण विरळ हवेत यंत्र तोच आकडा दाखवत असलं तरी खरा वेग सहाव्या हिश्श्याने जास्त असतो.

१९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी इथे पहिलं विमान उतरवलं. डाकोटा, केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नाही, आणि शेजारी जनरल थिमय्या. धावपट्टी लडाखी अभियंते सोनम नोरबू यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून तयार केलेली. मला नेहमी वाटतं, त्या दिवशी कोऱ्या आकाशातून खाली काय दिसलं असेल? आम्हाला पडद्यावर डोंगर रंगवून दाखवतात, तरी तळहाताला घाम असतो.

मग आमची एक्केचाळीस मिनिटं. विमानाला फेरी मारायला मी जिना उतरले. उणे दोन तापमान, आकाश इतकं निळं की खोटं वाटावं. फेरी हळू चालत मारते. पहिल्या वर्षी घाईघाईने जिना चढून गेले होते आणि चेकलिस्ट वाचताना धाप लागली होती. ज्यांना लेहला उतरून राहायचंय त्यांनी पहिला दिवस नुसतं पडून राहावं, आंघोळीचीसुद्धा घाई करू नये. परतीच्या तिकिटाच्या आणि पुढच्या महत्त्वाच्या कामाच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. आणि तळ हवाई दलाचा आहे, खाली उतरल्यावर मोबाइल खिशात ठेवावा.

सामान उतरवणाऱ्यांमधले एक काका मला ओळखतात. "जुले!" म्हणाले आणि खिशातून मूठभर सुके जर्दाळू काढून माझ्या हातात ठेवले. गेली तीन वर्षं त्यांचा एकच प्रश्न आहे, "मॅडम, रुकोगे कब?" मी तीन वर्षं 'अगले साल' म्हणते.

लेकीची बाटली उघडली. हवा भरायची म्हणजे काय करायचं? दोनदा हलवली, झाकण घट्ट लावलं, जर्दाळूंबरोबर बॅगेत ठेवली.

परतीला बरेच जवान होते. दिल्लीला सगळे उतरत असताना मी कॉकपिटच्या दारात उभी होते. माझ्या छातीवरची पट्टी वाचून एकजण थांबला.

"म्याडम, मराठी का तुम्ही?"

"हो. माहेर सांगली."

"मंग झालंच की! आम्ही वाईच्या अलीकडं." मग एका दमात, "परवा गावची यात्रा हाय. मंगळवारपास्नं अडकलो होतो. मंगळवारी इमान वर आवाज करून गेलं, खाली आलंच न्हाई. लई शिव्या दिल्या बघा आम्ही. आज मिळालं. पालखी चुकत न्हाई आता."

मागून कॅप्टनांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंगळवारी मीच होतो. खोऱ्यात ढग होते." आणि पुढे येऊन त्या जवानाशी हात मिळवला. जवान आधी गोंधळला, मग समजलं तसा लाजून हसला. "साहेब, बरं केलं. शिव्या मागं घेतो." त्याला पुण्याचं विमान पकडायचं होतं, पाठीवरची बॅग सावरत पळाला.

त्या मंगळवारी कॅप्टन दीडशे माणसांना लेहच्या डोक्यावरून परत दिल्लीला घेऊन आले होते. कंपनीत त्याचं कौतुक होत नाही आणि विचारणाही होत नाही. अहवालात एक ओळ जाते. घरी जाऊन सांगावं असं त्यात काही नसतं. बारा वर्षं उडतेय. माझे चांगले दिवस असेच आहेत, सांगण्यासारखं काहीच न घडलेले.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. बाटली दाखवली. विमान लेहहून चढत असतानाच ती आतून करकरायला लागली होती आणि दिल्लीत पोचेपर्यंत पार चेपली होती. लेक ओरडली, "उघडू नकोस हं!"

दिवस तिसरा : दिल्ली – गुवाहाटी

दुपारचं उड्डाण, त्यामुळे सकाळी चक्क आठपर्यंत झोप. आजचं विमान माझ्या हातात.

दिल्लीहून गुवाहाटीला जाताना डावीकडची खिडकी घ्यावी, येताना उजवीकडची. ह्यापेक्षा मोलाची सूचना मी कुणाला देऊ शकत नाही. धुळीच्या थराच्या वर, क्षितिजावर पांढरी रांग सुरू होते आणि तासभर संपत नाही. धवलगिरी, अन्नपूर्णा, मग एव्हरेस्ट. केबिनमधून निरोप आला की चौदा-ए मधल्या काकांना एव्हरेस्ट नक्की कुठलं ते हवंय. कॅप्टनांनी घोषणा केली. मागे उजवीकडची सगळी माणसं डावीकडे वाकली असणार. त्याने विमान कलत नाही, पण हवाई सुंदरींची चहाची गाडी अडकते.

कांचनजंगा मागे पडलं आणि समोर ढग उभे राहिले. आपल्याकडे वळवाचा पाऊस तसा आसामात ह्या दिवसांत दुपारनंतर उठतो, पण त्याचा आवेश वेगळा. नाकातलं रडार पावसाची दाटी रंगांत दाखवतं : हिरवा, पिवळा, तांबडा. तांबड्याच्या वाटेला जायचं नाही. आम्ही डावीकडे वीस मैल मागितले, मग आणखी दहा.

कॅप्टन सहज म्हणाले की दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, ह्याच खोऱ्यातल्या धावपट्ट्यांवरून मालवाहू विमानं पूर्वेचे डोंगर ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला जायची. वैमानिकांनी त्या डोंगरांना नाव ठेवलं होतं 'हंप', उंटाचं मदार. ढगांत काय आहे ते ढगात शिरल्यावर कळायचं. कितीतरी विमानं अजून त्या जंगलात पडून आहेत.

गुवाहाटीला घिरट्या घालत सतरा मिनिटं थांबलो. कॅप्टनांनी कागदावर एक वेळ लिहून माझ्यापुढे चिकटवली : ५:०५. त्यानंतर चर्चा नाही, सरळ कोलकाता. आकडा आधी लिहून ठेवायचा असतो, कारण धावपट्टी दिसायला लागली की मन वकिली करायला लागतं.

पहिल्या प्रयत्नात धावपट्टी छान दिसली. सहाशे फुटांवर वाऱ्याने एकदम कूस बदलली, वेग पंधरा नॉट्सनी वर गेला आणि लगेच कोसळला. मी "गो-अराउंड" म्हणाले, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. दोन्ही हँडल पुढे, नाक वर, "पॉझिटिव्ह क्लाइंब", "गियर अप". इंजिनांचा आवाज असा येतो की मागे बसलेल्याला वाटावं, काहीतरी भयंकर घडलंय. भयंकर काही नसतं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये आमचं एक इंजिन बंद पाडून हेच करून घेतात. पण अंगावर काटा उभा राहत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. माझं तोंड कोरडं पडलं होतं.

दुसऱ्या वेळी, ४:५८ ला, उतरलो. पाऊस आडवा. टेकवणी जरा दणकट झाली, आणि ओल्या धावपट्टीवर तशीच हवी, चाकांनी पाणी फोडून जमीन धरायला हवी. प्रवाशांना हे कोण सांगणार? उतरताना चौदा-ए मधले काका थांबले, "पहिल्यांदा जमलं नाही वाटतं?" हिंदीत. माझ्या तोंडावर उत्तर मराठीत आलं होतं : जमलं नाही असं नाही काका, जमवलं नाही. हिंदीत काही तसं होईना. नुसतं हसले.

गुवाहाटीत बिहूचे दिवस. हॉटेलच्या गाडीचे चालक पन्नाशीचे, काचेवरचा वायपर हाताने मदत केल्याशिवाय चालत नव्हता. मी वादळाला नावं ठेवली तर म्हणाले, असं बोलू नका, ती बरदैसिला. सासरी गेलेली मुलगी आहे. बिहूला माहेरी येते, धावत येते, म्हणून झाडं मोडतात, पत्रे उडतात. चार दिवस आईकडे राहून परत जाताना पुन्हा एकदा वादळ होतं.

माहेरवाशीण! मगाशी सहाशे फुटांवर जिने आम्हाला हाकललं ती घाईत असलेली माहेरवाशीण होती. मला त्यानंतर रागवता येईना. मी स्वतः दीड वर्षात सांगलीला गेलेले नाही.

पाऊस थांबल्यावर ब्रह्मपुत्रेच्या काठाने तासभर चालले. चार दिवसांत जमिनीवर चाललेलं एवढंच. नदी म्हणजे डोळ्यांना पलीकडचा काठ शोधावा लागतो. रात्री हॉटेलच्या मंडळींनी आग्रहाने जलपान दिलं : दही, पोहे, गूळ. दहीपोहेच की हे, फक्त दही जास्त दाट. बरोबर तिळाचे लाडू. आणि जेवणात आलू पिटिका, म्हणजे उकडलेल्या बटाट्याचं कच्च्या मोहरीच्या तेलातलं भरीत, आणि माशांचं आंबट. गुवाहाटीला गेलात तर हॉटेलातलं उत्तर भारतीय जेवण टाळा आणि थाळी शोधा.

झोपताना सौदामिनी देशमुखांची आठवण झाली. १९८५ साली कोलकाता–सिलचर मार्गावर आपल्या देशात पहिल्यांदा सगळ्या बायकांनीच विमान नेलं, त्याच्या त्या कॅप्टन. शेजारी निवेदिता भसीन. फोकर फ्रेंडशिप विमान, आणि जायचं ह्याच ढगांच्या मुलखात. आजही माझी घोषणा झाली की कधीकधी मागे कुणीतरी शेजाऱ्याला कोपर मारतं, असं हवाई सुंदरी सांगतात. तेव्हा काय झालं असेल?

दिवस चौथा : गुवाहाटी – मुंबई

आज मी उडवत नव्हते. 'डेडहेड', म्हणजे गणवेशात प्रवासी म्हणून परत जायचं. कॅप्टन पुढे कोलकात्याला गेले. हात हलवून निरोप, पुन्हा कधी एका फेरीत येऊ कुणास ठाऊक. पुढचं वेळापत्रक संगणक ठरवतो.

मला मधली खुर्ची. खिडकीशी नाशिकच्या एक आजी, कामाख्येचं दर्शन घेऊन निघालेल्या. माझा गणवेश पाहून त्यांनी आधी खात्री करून घेतली.

"मग पुढे कोण आहे?"

"दोघं आहेत आजी, पुढे. मी सुट्टीवर."

"बरं. ते तेवढे जागे आहेत ना?"

मग तीन तास प्रश्न. विमान मध्येच थांबवता येतं का? वर हॉर्न असतो का? (असतो, पण तो खाली जमिनीवर उभ्या इंजिनिअरला हाक मारायला.) सगळं यंत्रच चालवतं म्हणतात, खरं का? मी म्हटलं, आजी, कुकर लावला की शिट्टी यंत्रच देतं, पण तीन शिट्ट्यांनी बंद करायचा की पाच, ते तुम्ही ठरवता. ते त्यांना पटलं. नंतर पंख हलताना दिसला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. पंख लवतो म्हणूनच मोडत नाही, उसासारखा, असं सांगितलं. धक्क्यांची भीती वाटणाऱ्यांनी पंखाजवळची जागा घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. आणि पट्टा, दिवा विझला तरी, सैलसर बांधलेलाच ठेवावा.

"तुला भीती नाही वाटत?" हा प्रश्न येणारच होता.

बारामतीला पहिल्यांदा एकटीने सेस्ना उडवलं तेव्हाचं त्यांना सांगितलं. शेजारची खुर्ची रिकामी झाली की ते छोटं विमान हलकं होऊन टुणकन वर उडतं. खाली उसाची शेतं, आणि शेजारी बोलायला कुणी नाही. खाली आल्यावर सगळ्यांनी बादलीने पाणी ओतलं, तशी रीत आहे. त्या दिवशी अजिबात भीती वाटली नव्हती, म्हटलं. आता वाटते, थोडी, कामापुरती.

आजींनी पिशवीतून कामाख्येचं कुंकू काढून कपाळाला लावलं. पुढे आठवडी विश्रांतीचे अठ्ठेचाळीस तास होते, त्यामुळे गणवेशाला कुंकू चालतं का हा विचार केला नाही.

पार्ल्यात पोचले तेव्हा दुपारचे दोन. आईने वरण-भात लावला होता आणि खोकला कसा आहे ते विचारलं. लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच बाटलीकडे. चेपलेली बाटली तिने उलटसुलट पाहिली, उजेडात धरली, आजीला दाखवली. मग झाकण फिरवलं. फुस्स! बाटली टपकन फुगली.

"गेली?"

"नाही, आपली आत आली. तिची तिथे कमी होती ना."

तिने नाक बाटलीला लावलं, डोळे मिटले.

"जर्दाळूचा वास येतोय," म्हणाली. "पुढच्या वेळी मोठी बाटली देते."